टेबलावरची कामे आणि सहा गठ्ठे : कामाला शिस्त कशी लावावी?

सिव्हिललाइन्सकर

कामात नीटनेटकेपणा कसा आणावा, हा विषय निघाला की बोलणे लगेच मोबाइलमधल्या ॲपवर जाते. माझी नोकरी नागपुरातल्या एका शासकीय कार्यालयात, बहुतेक काळ आस्थापना आणि लेखा या शाखांत झाली आहे. तिथे काम करताना माझे मत असे बनले की, आपल्याच राज्याच्या कार्यालयांत रुळलेली सहा गठ्ठे पद्धत ही कोणत्याही टेबलाला, कोणत्याही मेलपेटीला आणि कोणत्याही व्यवसायाला लागू पडणारी पद्धत आहे. शासकीय नोकरीत नसलेल्या वाचकांना ती ठाऊक नसते, म्हणून हा धागा सुरू करतो आहे.

लिपिकाच्या ताब्यातला प्रत्येक कागद सहांपैकी एकाच गठ्ठ्यात असला पाहिजे, हे तिचे सूत्र. पहिल्या गठ्ठ्यात ज्यांवर मला स्वतःला आज काहीतरी करायचे आहे अशी प्रकरणे. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे माझे काम करून झाले आहे पण दुसऱ्या कोणाच्या उत्तराची वाट पाहावी लागते आहे अशी. तिसऱ्यात नियतकालिके, अर्थात ठरलेल्या तारखेला पाठवायची मासिक, त्रैमासिक व वार्षिक विवरणपत्रे. चौथ्यात स्थायी आदेश, म्हणजे काम करताना पुन्हा पुन्हा लागणारे शासन निर्णय आणि परिपत्रके. पाचव्यात निकाली निघालेली आणि अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे, आणि सहाव्यात मुदत संपल्यामुळे नष्ट करायचे कागद.

शेवटच्या दोन गठ्ठ्यांमागे अभिलेख किती काळ जपायचे याचे वर्गीकरण आहे. अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षांचा, क वर्ग १० वर्षांचा, क-१ वर्ग ५ वर्षांचा आणि ड वर्ग १ वर्षाचा. प्रकरण बंद करतानाच वरच्या कोपऱ्यात वर्ग लिहिला, तर रुमालात, म्हणजे कापडी बस्त्यात, बांधताना आणि पुढे नष्ट करताना कोणालाच पुन्हा डोके चालवावे लागत नाही. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयात अभिलेखांची मांडणी, बसण्याची रचना आणि कार्यपद्धती सुधारली आणि ती पुढे लखिना पॅटर्न म्हणून राज्यभर ओळखली गेली. हवा तो कागद मागता क्षणी हाती आला पाहिजे, हा आग्रह तिच्या मुळाशी होता, आणि तो आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

परंतु मला ज्यावर भर द्यायचा आहे तो दुसरा गठ्ठा. बहुतेक टेबलांवरचा गोंधळ पहिला आणि दुसरा गठ्ठा एकत्र पडल्यामुळे होतो. समजा, समोर चाळीस नस्त्या, म्हणजे फायली, आहेत. त्यांतल्या पंचवीस प्रकरणांत कोषागाराचे, वरिष्ठ कार्यालयाचे किंवा अर्जदाराचे उत्तर यायचे आहे, म्हणजे आज त्यांवर करण्यासारखे काही नाही. तरीही पुढच्या कामाची नस्ती शोधताना रोज त्या पंचवीसही हाताखालून जातात, रोज प्रत्येक उघडून पाहिली जाते, ‘अरे, याचे उत्तर आले नाही अजून’ असे म्हणून ती पुन्हा खाली ठेवली जाते, आणि या उचल-ठेवीत तास निघून गेल्यावर चाळीस कामे डोक्यावर असल्याचा थकवा मात्र पुरेपूर येतो. त्या पंचवीस वेगळ्या केल्या की खरे काम पंधराच नस्त्यांचे आहे हे दिसते.

वेगळ्या करणे मात्र पुरेसे नाही, कारण प्रतीक्षाधीन गठ्ठा हा प्रकरणे विसरण्याची सर्वांत सोयीची जागाही आहे. त्यासाठी मी प्रत्येक प्रतीक्षाधीन नस्तीला वरच्या कडेला बाहेर येईल अशी कागदी पट्टी टाचतो आणि तिच्यावर तीनच गोष्टी लिहितो : कोणाकडून, काय यायचे आहे, आणि कोणत्या तारखेला मी विचारणा करणार आहे. नस्त्या त्या तारखेच्या क्रमाने उभ्या लावल्या की सकाळी फक्त पुढची पट्टी वाचावी लागते. आजची तारीख असेल तर ती नस्ती पहिल्या गठ्ठ्यात येते, आधी दूरध्वनी करायचा, मग स्मरणपत्र काढायचे, तरीही हालचाल झाली नाही तर वरिष्ठांच्या सहीने अर्धशासकीय पत्र, म्हणजे समोरच्या अधिकाऱ्याला नावाने लिहिलेले पत्र, पाठवायचे, आणि पट्टीवर नवी तारीख टाकून ती पुन्हा मागे लावायची. तारीख नसलेली एकही नस्ती या गठ्ठ्यात ठेवायची नाही, हा नियम मी पाळतो.

कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्रात बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आहे. बदल्यांमुळे त्याचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण विलंबाविषयीचे त्याचे कलम १० फारसे वाचले जात नाही. त्यानुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, तातडीची शक्यतो चार दिवसांत आणि तात्काळ स्वरूपाची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निकाली निघावी. ही मुदत पाळायची तर कोणती नस्ती माझ्याकडे थांबली आहे आणि कोणती दुसऱ्याकडे, हे मला न शोधता सांगता आले पाहिजे.

नागपूरच्या दृष्टीने आणखी एक. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी आपल्या शहरात होते. डिसेंबरात तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचनांवरची माहिती काही तासांत मागितली जाते, आणि त्या दिवसांत अन्य कामाला हात लागत नाही. ज्याचा चौथा गठ्ठा विषयवार लावलेला असतो तो पानाला खूण करून उत्तराचा मसुदा देतो. ज्याचा नसतो तो रात्री उशिरापर्यंत कपाटे उपसत बसतो. त्यामुळे दिवाळीच्या आधी स्थायी आदेशांची संचिका तपासून घेणे हे आमच्याकडे जवळजवळ सणाच्या तयारीइतके पक्के ठरलेले काम आहे.

खासगी क्षेत्रातल्या सभासदांनी आपापल्या पद्धती लिहाव्यात, विशेषतः दुसऱ्या गठ्ठ्याविषयी.

मिहानप्रवासी

उत्तम धागा. मी खापरीकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आमच्याकडे कागद नाहीत, पण सहा गठ्ठे सगळेच्या सगळे आहेत, हे आपले लेखन वाचताना जाणवले.

आमच्या चमूच्या फलकावर प्रत्येक कामाचे एक कार्ड असते आणि ‘करायचे’, ‘सुरू’ आणि ‘झाले’ असे तीन रकाने होते. ‘सुरू’ या रकान्यात इतकी कार्डे साचत की फलक बघून काहीच बोध होत नसे. चौकशी केली तेव्हा कळले की त्यांतली बरीच कार्डे ग्राहकाच्या उत्तरासाठी थांबलेली होती, आणि आमचा ग्राहक अमेरिकेत असल्यामुळे आमच्या सकाळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या रात्री येते. आम्ही ‘प्रतीक्षेत’ असा चौथा रकाना केला आणि कार्डावर कोणाची वाट पाहतो आहोत हे लिहिणे सक्तीचे केले. ‘सुरू’ या रकान्यात एका माणसाच्या नावावर दोनांपेक्षा अधिक कार्डे ठेवता येत नाहीत, अशीही मर्यादा घातली. टोयोटाच्या कारखान्यांत विकसित झालेल्या कानबान पद्धतीत हाती घेतलेल्या कामांवर अशीच मर्यादा असते.

मेलच्या बाबतीत मी एक सवय लावून घेतली आहे. ज्या मेलचे उत्तर मला हवे आहे ती पाठवतानाच स्वतःला गुप्त प्रत (बीसीसी) ठेवतो आणि नियम लावून ती प्रत थेट ‘प्रतीक्षेत’ या फोल्डरमध्ये जाऊ देतो. दुपारी जेवणानंतर, जेव्हा अवघड काही सुचत नाही, तेव्हा ते फोल्डर वाचतो आणि स्मरणाच्या मेल पाठवतो.

आपण म्हणालात त्या थकव्याविषयी थोडी भर घालतो. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये मांडले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि त्यामुळे दुसरे काम खालावते. पुढे तिने थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासह २०१८ मध्ये असे दाखवले की काम सोडण्यापूर्वी आपण कुठे थांबलो आणि परतल्यावर पहिली कृती कोणती, हे थोडक्यात लिहून ठेवले तर हा अडकलेपणा कमी होतो. मी हे रोज करतो. कोणी हाक मारली की उठण्यापूर्वी एक ओळ लिहितो, ‘पुढे : तारखेच्या स्वरूपाची तपासणी लिहायची’, आणि मगच खुर्ची सोडतो. परत आल्यावर ‘मी काय करत होतो’ या प्रश्नात वेळ जात नाही.

अजनीचा वाचक

दोन्ही प्रतिसाद वाचले. पद्धत चांगली आहे हे मान्य करूनही मला जोरदार असहमती नोंदवायची आहे.

मी ग्रामीण भागातल्या एका कार्यालयात रोज नागपूरहून जाऊन-येऊन काम करतो. आमच्याकडे मंजूर पदांपैकी बरीच रिक्त आहेत, त्यामुळे माझ्याकडे माझ्या कार्यासनाखेरीज, म्हणजे नेमून दिलेल्या टेबलाखेरीज, दुसऱ्या कार्यासनाचा अतिरिक्त कार्यभार आहे. सकाळी कार्यालयात पोहोचण्याआधीच तीन-चार व्हॉट्सॲप गटांवर ‘माहिती आज दुपारपर्यंत सादर करावी’ असे संदेश आलेले असतात. त्यांना आवक क्रमांक नसतो, त्यांची नोंद कुठल्याही वहीत होत नाही, आणि तरीही त्यांना उशीर झाला तर खुलासा मागितला जातो. दुपारी दूरदृश्य बैठक लागते, तिच्यासाठी तीच माहिती वेगळ्या तक्त्यात भरायची असते. अशा वेळी सहा गठ्ठे लावण्यास सांगणे म्हणजे कामाच्या अतिभाराचा दोष काम करणाऱ्याच्या अंगावर टाकणे आहे. माणूस अव्यवस्थित आहे म्हणून काम तुंबत नाही. दोन माणसांचे काम एकाला दिले आहे म्हणून ते तुंबते. या विषयावरच्या बहुतेक उपदेशांत ही बाब कधीच येत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

सिव्हिललाइन्सकर

आपला मुद्दा योग्य आहे आणि तो बाजूला सारण्याचा माझा हेतू नाही. रिक्त पद गठ्ठे लावून भरले जात नाही.

तरीही मला वाटते की याच परिस्थितीत मोजणीचे महत्त्व सर्वाधिक आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांविषयीचा एक साधा नियम सिद्ध केला : एखाद्या व्यवस्थेत सरासरी जितकी कामे साचलेली असतात, ती कामे येण्याचा दर आणि प्रत्येक काम तिथे थांबण्याचा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असतात. टेबलाला तो लावून पाहा. रोज सहा प्रकरणे येतात, सहाच निकाली निघतात आणि टेबलावर कायम ७२ असतात, तर प्रत्येक प्रकरण सरासरी १२ कामाचे दिवस थांबणार. कलम १० मधले सात दिवस पाळायचे असतील, तर टेबलावर ४२ पेक्षा अधिक प्रकरणे साचू देता येणार नाहीत. रोज आठ येऊ लागली आणि निकाली सहाच निघत राहिली, तर साठा रोज दोनने वाढत जाईल, आणि कोणतीही पट्टी, कोणतेही फोल्डर ते थांबवू शकणार नाही.

नेमके हेच वरिष्ठांपुढे आकड्यांत ठेवता आले पाहिजे. कार्यविवरण नोंदवहीचा, म्हणजे आलेल्या आणि निकाली काढलेल्या प्रकरणांच्या वहीचा, गोषवारा दर आठवड्याला नीट काढला, त्यात मागील शिल्लक, नवीन आवक, निकाली आणि अखेरची शिल्लक हे चार आकडे लिहिले आणि शिल्लकेत प्रतीक्षाधीन किती हे वेगळे दाखवले, तर ‘माझ्याकडे काम फार आहे’ या वाक्याऐवजी ‘दर आठवड्याला दहा प्रकरणांची भर पडते आहे’ असे लेखी म्हणता येते. त्याच्या जोरावर अतिरिक्त कार्यभार काढून घेण्याची किंवा काही काळासाठी मदतनीस देण्याची मागणी करता येते. ती मान्य होईलच असे मी म्हणत नाही. परंतु तोंडी तक्रारीपेक्षा आकड्यांची टिपणी अधिक काळ टिकते, कारण तिच्यावर काहीतरी शेरा लिहावाच लागतो.

व्हॉट्सॲपवरच्या मागण्यांविषयी एकच सुचवतो. अशी प्रत्येक मागणी आपल्या वहीत तारीख आणि वेळ घालून एका ओळीत उतरवावी. अधिकृत क्रमांक नसला तरी महिन्याच्या गोषवाऱ्यात ‘तातडीने मागवलेली अन्य माहिती’ असा एक रकाना होतो, आणि हे अदृश्य काम किती आहे ते पहिल्यांदाच दिसू लागते.

अजनीचा वाचक

आकडे ठेवण्याची सूचना पटली. व्हॉट्सॲपच्या नोंदीचा विचार मी केला नव्हता. चालू महिन्यापासून त्या वहीत घेईन. रिक्त पदांविषयीचे माझे मत कायम आहे.

रामदासपेठेतील करसल्लागार

माझ्या व्यवसायात तिसरा गठ्ठा हाच सगळ्यांचा राजा आहे, म्हणून त्यावर लिहितो.

महिन्याच्या ७ तारखेला उद्गम कर (टीडीएस) भरणे, ११ तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र, १५ तारखेला भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा, २० तारखेला जीएसटीआर-३बी हे कर भरण्याचे विवरणपत्र, आणि १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च या दिवशी आगाऊ आयकराचे हप्ते. या तारखा वर्षभर आधीच माहीत असतात, तरीही दर महिन्याच्या १८-१९ तारखेला करसल्लागारांच्या कार्यालयांत धावपळ असतेच. तिचे कारण तारीख विसरणे हे क्वचितच असते. अशिलाची बिले आलेली नसतात, हे खरे कारण असते. म्हणजे प्रत्येक नियतकालिकाच्या पोटात एक प्रतीक्षाधीन प्रकरण दडलेले असते, आणि आपला दुसरा गठ्ठा तिथे पुन्हा भेटतो.

म्हणून आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावर शेवटची तारीख आम्ही लिहीतच नाही. तिथे कागद मागवण्याची तारीख असते. ३बी साठी पहिला निरोप महिन्याच्या १ तारखेला, दुसरा ५ ला, दूरध्वनी ८ ला. दहा तारखेनंतर आलेल्या बिलांचे काम आधी आलेल्यांच्या मागे लागेल, हे अशिलांना वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी कळवतो. प्रारंभी काहींना राग येतो, पण नियम सर्वांना सारखा आहे हे दिसल्यावर तो निवळतो. मोठ्या अशिलासाठी नियम एकदा मोडला की तक्ता भिंतीवरून काढून टाकला तरी चालेल, इतके मी यावर ठाम आहे.

आणि एक स्थानिक सूचना. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा कूलर कितीही जोरात चालवला तरी दुपारी तीननंतर ताळेबंद जुळवण्यासारखे काम नीट होत नाही. त्या दोन महिन्यांत आमचे कार्यालय सकाळी साडेसातला उघडते, जुळवणीचे काम एकपर्यंत संपवतो आणि दुपार स्कॅनिंग, फाइलिंग व दूरध्वनींसाठी ठेवतो. वर्षभर एकच वेळापत्रक रेटण्यापेक्षा ऋतूप्रमाणे ते बदलणे मला शहाणपणाचे वाटते.

गांधीबागची दुकानदारीण

दादा, आपण सगळे फायली आणि मेलविषयी लिहीत आहात. माझे घाऊक साड्यांचे दुकान आहे. सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत गिऱ्हाईक समोर असते, त्यामुळे सलग पंधरा मिनिटे मिळत नाहीत. तरीसुद्धा प्रतीक्षाधीन म्हणजे काय ते मला वाचता वाचता समजले, कारण आमची उधारी ही दुसरे काय असते? माल गेला, आमच्या बाजूचे काम झाले, आता समोरच्याची वाट.

मी एक वेगळी वही केली आहे, तिच्यात प्रत्येक पानावर एक तारीख आहे. वरोरा किंवा उमरेडच्या व्यापाऱ्याने ‘पोळ्यानंतर देतो’ म्हटले की त्याच्यासमोरच ‘पोळा म्हणजे कोणती तारीख धरू?’ असे विचारते आणि त्याने सांगितलेल्या तारखेच्या पानावर त्याचे नाव व रक्कम लिहिते. वही त्याच्याकडे फिरवून दाखवते. त्या दिवशी सकाळी शटर वर करण्याआधी अर्धा तास मी फक्त तेवढ्या पानावरच्या लोकांना फोन लावते. खातेवहीत नावाप्रमाणे उधारी असते, पण आज कोणाला फोन करायचा ते खातेवही सांगत नाही. ही वही सांगते. सुरतेहून यायच्या मालाचेही तसेच, बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, मिळाली की पोहोचण्याच्या अपेक्षित तारखेच्या पानावर नोंद, आणि त्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्याला विचारणा.

माझी अडचण सहाव्या गठ्ठ्याची आहे. माळ्यावर बिलबुकांची आणि जुन्या चोपड्यांची पोती आहेत. सासरेबुवा एकही कागद फेकू देत नाहीत आणि मला जागा हवी आहे. किती वर्षांचे ठेवावे लागते, ते कोणी खात्रीने सांगेल का?

रामदासपेठेतील करसल्लागार

ताई, तारखेच्या पानांची आपली वही मी आमच्या कार्यालयात दाखवणार आहे.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब आणि कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. उदाहरणार्थ, २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची देय तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणून त्या वर्षाची बिले ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ठेवा. एखाद्या वर्षाबाबत अपील किंवा चौकशी चालू असेल, तर त्या वर्षाचे कागद ती निकाली निघाल्यानंतर एक वर्ष किंवा वरची मुदत, यांपैकी जे नंतर संपेल तोवर हलवू नका. दुकान कंपनी म्हणून नोंदलेले असेल, तर कंपनी कायद्याखाली हिशेबवह्यांसाठी आठ आर्थिक वर्षांची मुदत आहे.

जागेची खरेदीखते, भागीदारीपत्र, दुकानाचे परवाने आणि कर्जफेडीचे दाखले यांना मात्र अ वर्ग समजा आणि माळ्यावरून खाली आणून कपाटात ठेवा. पोती उघडताना आधी हेच कागद वेगळे काढा, सासरेबुवांना शेजारी बसवूनच काढा, कारण कोणत्या चोपडीत कोणता दस्त ठेवला आहे हे त्यांनाच आठवत असेल. उरलेल्या प्रत्येक पोत्यावर आर्थिक वर्ष आणि ‘या तारखेनंतर नष्ट’ असे मोठ्या अक्षरांत लिहून टाका.